नवजात बाळाची श्रवण तपासणी : आपल्या हातात काय आहे?



आपल्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. ती त्याला ऐकू आली का, हे मात्र कुणी तपासत नाही. दर हजार बाळांमागे १ ते ३ बाळांना जन्मापासूनच नीट ऐकू येत नाही. बाळ हसतं, चेहरे ओळखतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. दोन वर्षांचं होऊनही बोललं नाही, तर ‘याचे अब्बाही उशिराच बोलले’ म्हणत आणखी वर्ष जातं. भाषा शिकण्याचा काळ नेमका तोच. म्हणून जगभर १-३-६ असा हिशेब मानतात : १ महिन्यात पहिली तपासणी, ३ महिन्यांत निदान, ६ महिन्यांत उपचार सुरू.

पहिली तपासणी, म्हणजे ओएई, सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवतात आणि काही मिनिटांत मशीन ‘पास’ किंवा ‘रेफर’ दाखवतं. प्रशिक्षण घेतलेली नर्स ती करू शकते. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे. कानात जन्मावेळचा द्रव राहिला तरी तसं येतं. खात्रीसाठी बेरा तपासणी लागते आणि तिला ऑडिओलॉजिस्ट हवा. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास. ओली बाळंतीण, बुडालेली मजुरी, एसटीचा प्रवास, आणि तिथे पोचल्यावर बाळ झोपायला तयार नाही.

इथे टेलिमेडिसिन कामाला येतं. इलेक्ट्रोड लावणारी नर्स तालुक्यात, मशीनला जोडलेला लॅपटॉप दूरवरून चालवणारा ऑडिओलॉजिस्ट शहरात. तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांकडून तपासणी आणि दूरवरून बेरा, असं काम करून दाखवलं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो : दोन संगणक जोडणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ते बाळ पुन्हा सापडणं. पहिलं बाळंतपण माहेरी, समजा दिग्रसला. चाळीस दिवस झाले की आई सासरी, पुसदला. दवाखान्याच्या नोंदीत बाळाला नाव नाही, फोन नंबर मामूचा. महिन्याभराने फोन केला तर मामू कामावर. अशा वेळी कितीही चांगलं अ‍ॅप असलं तरी ते रिकाम्या पत्त्यावर निरोप पाठवत राहतं. म्हणून नोंदीत माहेर आणि सासर दोन्ही गावं, दोन नंबर आणि आशाताईंचं नाव हवं. आशाताई नवजात बाळासाठी ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. पुढच्या तपासणीची तारीख त्या भेटींना जोडता येते.

यासाठी नवी योजना लागत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणाची तपासणी आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, त्याचं कामही हीच संस्था पाहते. पण ते वेळेवर झालं तर उपयोग, आणि नंतर बोलण्याची थेरपी हवीच. दर आठवड्याला शहरात जाणं जमत नसेल, तर तीही काही प्रमाणात व्हिडिओवर होते.

दोन गोष्टी आपसांत स्पष्ट बोलूया. जवळच्या नात्यात लग्नं झाली की आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. हे फक्त आपल्यात नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करतात. अशा घरातल्या बाळाची तपासणी चुकवू नका. दुसरी गोष्ट, ‘मुलगी आहे, लोकांना कळलं तर निकाह कसा होईल’ म्हणून रिपोर्ट लपवू नका. लपवल्याने तिचं ऐकणं परत येत नाही, फक्त भाषा शिकण्याची वर्षं जातात.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मोहल्ल्यात या वर्षी बाळं जन्मतील. दवाखान्यातून घरी नेण्याआधी विचारा : कानाची तपासणी झाली का? झाली नसेल तर कुठे आणि केव्हा होईल? ‘रेफर’ आलं असेल तर पुढची तारीख आपल्या मोबाईलमध्ये टाका आणि त्या दिवशी आईसोबत जा.