डाकोटांची बारावी तुकडी

लढाऊ विमानांच्या कथा लोकांच्या तोंडी असतात. मालवाहू विमानांची कीर्ती पिठाच्या पोत्यांखाली दडून राहते. भारतीय हवाई दलाची बारावी तुकडी 1945 साली कोहाट येथे उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ स्पिटफायर विमाने होती. पुढे तिच्याकडे डाकोटा आल्या, दोन एंजिनांच्या, संथ आणि निःशस्त्र. 27 ऑक्टोबर 1947 रोजी पहिली शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरला उतरली, ती अशाच विमानांतून. त्यांत खाजगी कंपन्यांचीही विमाने होती.

खरी कसोटी लागली ती पूंछला. वेढ्यात अडकलेल्या त्या नगरात सैनिकांनी आणि नागरिकांनी मिळून धावपट्टी तयार केली. ती डोंगरांच्या बेचक्यात, अगदी आखूड. एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी तेथे स्वतः डाकोटा उतरविली. विमानाने किती भार न्यावा याचे कागदावरचे नियम तेथे फार काळ टिकले नाहीत. पुढे रात्री, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, तोफाही उतरल्या. जाताना धान्य आणि दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित, असा तो क्रम होता.

24 मे 1948 रोजी मेहेरसिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने ती धावपट्टी बांधली होती, समुद्रसपाटीपासून सुमारे अकरा हजार फुटांवर. विरळ हवेत एंजिनाचा जोर घटतो, आणि डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोयही नव्हती. काही दिवसांतच त्याच वाटेने गुरखा जवान उतरू लागले. लेह शत्रूच्या हाती गेले नाही.