ढोलकीवाल्याचं नाव कुठे आहे?



संमेलनाध्यक्षानं साहित्यातल्या मोठ्या प्रश्नांवर बोलावं अशी रीत आहे. मी आज नव्या गाण्यांबद्दल आणि त्यांच्यावर होणाऱ्या, खरं तर न होणाऱ्या, समीक्षेबद्दल बोलणार आहे. आपल्या भागात कवितासंग्रह निघाला तर त्याच्यावर कुणीतरी, कुठंतरी चार परिच्छेद लिहितं. गाण्यांचा अल्बम निघाला तर त्याची फक्त बातमी येते.

ती बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. अमुक सभागृहात अल्बमचं प्रकाशन थाटात झालं. उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळं त्यात असतं. गायकाचं नाव असतं, गीतकाराचं कधीकधी. ढोलकी कुणी वाजवली, चाल कुणी बांधली आणि मुख्य म्हणजे गाणी कशी आहेत, याची एक ओळही नसते.

हे मी नांदेडमध्ये उभी राहून बोलते आहे, म्हणून मला जास्त टोचतं. इथल्या सचखंड हुजूर साहिबमध्ये ज्या ग्रंथापुढे कीर्तन चालतं, त्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव म्हणजे आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे. १६०४ साली आदिग्रंथाचं संकलन पूर्ण झालं तेव्हा त्याची मांडणीच रागांप्रमाणे केली गेली. पद कुणाचं आणि गायचं कुठल्या रागात, हे लिहून ठेवलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी एवढी काळजी घेणारी माणसं होती. आज मोबाइलवर गाणं लावलं की एक रंगीत चित्र दिसतं, गायकाचं नाव दिसतं आणि किती लोकांनी ते पाहिलं तो आकडा दिसतो.

तो आकडाच आता समीक्षकाच्या जागी बसला आहे. किती जणांनी गाणं लावलं हे आकडा सांगतो. त्यांनी त्यात काय ऐकलं, हे त्याला सांगता येत नाही.

लोकप्रिय गाण्याबद्दल गंभीरपणे लिहिणं मराठीला नवं नाही. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं मोठमोठ्या गवयांवर लिहीत होते आणि त्याच केशवरावांनी १९३६च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटाला संगीत दिलं. ख्यालाचा कान आणि चित्रपटाचा कान त्यांनी वेगळा ठेवला नाही. कुमार गंधर्वांनी लता मंगेशकरांवर लेख लिहिला. तीन-साडेतीन मिनिटांच्या चित्रपटगीताचं कलामूल्य कित्येक तासांच्या मैफलीपेक्षा कमी नसतं, अशी भूमिका त्यांनी त्यात घेतली, आणि लताबाईंच्या गाण्यात लोकांना नेमकं काय आवडतं त्याला ‘गाणेपण’ म्हटलं. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना जनसंगीताला स्वतंत्र कोटी मानलं. याचा अर्थ, त्याला कलासंगीताचे निकष लावून नापास करता येत नाही आणि लोकसंगीताचे लाड करून पासही करता येत नाही. आणि याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी ‘श्रीमान योगी’सारख्या पुढे घराघरांत वाचल्या गेलेल्या कादंबरीला किती परिश्रमपूर्वक न्याय दिला, हे तिची प्रस्तावना वाचली की कळतं. हलकी म्हणून त्यांनी ती सोडून दिली नाही आणि तिची खुशामतही केली नाही.

मला हाच कान आजच्या गाण्यांना लावलेला हवा आहे. एक उदाहरण जरा सविस्तर घेते. २०२२ साली ‘चंद्रमुखी’ चित्रपट आला. संगीत अजय-अतुल यांचं. त्यातल्या ‘चंद्रा’वर गावोगावच्या मुलींनी नाचून व्हिडिओ टाकले. त्याच चित्रपटात आर्या आंबेकरनं गायलेलं ‘बाई गं’ आहे. बहुतेक ठिकाणी दोन्ही गाणी ‘ठसकेबाज लावण्या’ म्हणून एका ओळीत उरकली गेली. आता आपल्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेचं बघा. तिथे लावणी महोत्सव होतो, आणि तिथे जमिनीवर बसलेला शेतकरी या दोन गाण्यांची गल्लत करणार नाही. ‘चंद्रा’ फडाच्या अंगानं जातं. ढोलकी पुढे, आवाज फेकलेला, पाय थांबू न देणारा. ‘बाई गं’ बैठकीच्या अंगाचं आहे. तिथे सूर खेचून, वळवून शब्दाला अर्थ द्यायचा असतो, ढोलकीला मागे बसावं लागतं. माझं मत विचाराल तर ‘चंद्रा’त श्रेया घोषाल यांचा सूर निर्दोष आहे, पण फडावरच्या बाईच्या आवाजातला खरखरीत जोर तिथे हवा होता. आर्याचं गाणं मला जास्त पटतं, कारण तिनं घाई केलेली नाही. माझ्या मताशी तुम्ही भांडू शकता, आणि भांडायला धरण्यासारखं काहीतरी माझ्या बोलण्यात आहे. ‘रसिकांच्या पसंतीस उतरणारी श्रवणीय गाणी’ असं लिहिलं तर कशाशी भांडणार?

दुसरी गोष्ट ऐकण्याच्या जागेची. २०१६च्या ‘सैराट’ची चार गाणी आली, तेव्हा त्यांचं सिम्फनी वादन लॉस एंजेलिसला झालं याची बातमी सगळीकडे होती. पण आपल्याकडे ही गाणी ऐकली कुठे गेली? वरातीत, मिरवणुकीत, टेम्पोवर रचलेल्या साउंडवर. तिथे बेसचे खोके छातीत धडधडतात, वरचे टॉप कानात घुसतात आणि मधलं सगळं, म्हणजे नेमकी ती व्हायोलिनं, वाहून जातं. ‘झिंगाट’ तिथे पूर्ण ताकदीनं उरतं, कारण त्याचा जीव तालात आणि हाकेत आहे. ‘याड लागलं’ तिथे अर्धं होतं आणि रात्री एकट्यानं कानात लावलं की पुन्हा भरून येतं. शहरातला समीक्षक हेडफोन लावून लिहितो, त्याला हे कळायला मार्ग नाही. तुम्हाला आहे. तुम्ही दोन्हीकडे ऐकता.

लातूरमधल्या एका लहान स्टुडिओत मी काही दुपारी बसले आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना फोम आणि जुन्या रजया लावलेल्या, एक माइक, एक लॅपटॉप. गायक गायला लागला की पंखा बंद करावा लागतो, कारण माइक पंख्याचा आवाज पकडतो. एप्रिलचा उकाडा, चौदा एप्रिल तोंडावर आलेली, बाहेर भीमगीतं गायला आलेली पोरं रांगेत. एक टेक झाला की पंखा लावायचा, घाम पुसायचा, पुन्हा बंद करायचा. लॅपटॉपवर प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी दिसत होती, आणि तिथल्या मुलानं प्रत्येक पट्टीला ती वाजवणाऱ्याचं नाव दिलं होतं. ढोलकीच्या पट्टीवर ढोलकीवाल्याचं, बासरीच्या पट्टीवर बासरीवाल्याचं. काम संपलं, सगळ्या पट्ट्यांची मिळून एक फाइल झाली, ती वर चढवली गेली. नावं खोलीतच राहिली. ती नावं पुन्हा लिहिणं हे समीक्षकाचं पहिलं काम आहे असं मी मानते. चांगलं-वाईट नंतर.

पण वाईटाला वाईट म्हणायला हवंच. अशाच खोल्यांमधून तयार ठेक्याची एकच पट्टी तीन-तीन गायकांना दिली जाते. शब्द बदलतात, गाणं बदलत नाही. सूर न लागलेला गळा यंत्रानं सरळ केला जातो आणि त्याच्यातलं माणूसपण निघून जातं. विषय बाबासाहेबांचा आहे, देवीचा आहे, शेतकऱ्याचा आहे, म्हणून आपण गप्प बसतो. गप्प बसणं हा त्या विषयाचा सन्मान नव्हे. ज्या मराठवाड्यानं १४ जानेवारी १९९४च्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारापर्यंतचा लढा गाण्यांच्या आधारानं लढला, ज्या परंपरेत वामनदादा कर्डक होऊन गेले, त्या परंपरेतल्या नव्या गाण्याकडून जास्तच मागायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीत गातात आणि ते मोबाइलवरून घरोघर पोहोचतं. त्यांच्या गाण्यात एक आवाज आणि एक तार एवढंच असतं, आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. मिरवणुकीसाठी केलेल्या गाण्याला हा निकष लावू नका. पाच हजार माणसांना एका पावलावर आणणं हेही गाण्याचं कामच आहे. फक्त तेवढं काम तरी ते नीट करतं का, हे विचारा.

प्रकारांच्या भिंतीही ओलांडाव्या लागतील. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटानं आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. रॅप आणि वारली गाणं तिथे एकमेकांना पूरक ठरतात. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’नं मराठी शब्द हाऊस संगीतावर बसवले आणि परदेशातली पोरंही नाचली. अमेरिकेत २०१८ साली केंड्रिक लामारच्या रॅप अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून त्या पारितोषिकाची संगीतातली ती पहिलीच निवड. आपल्याकडे मात्र रॅप हा शब्द ऐकला की जाणती माणसं उठून जातात. यमक, श्वास, शब्दांची फेक आणि तालाशी चाललेली झटापट, हे सगळं पोवाड्यावर वाढलेल्या कानाला कळायला कितीसं अवघड आहे?

आणि किनवट-माहूरच्या तांड्यांवर होळीच्या आधी निघणाऱ्या बंजारा लेंगीच्या नव्या गाण्यांबद्दल मराठीत कुणी लिहिलं आहे का? पूर्वी लेंगी डफावर व्हायची, आता तिच्यात कीबोर्ड आणि पॅड आले. त्यानं चाल बिघडली की नवं काही सापडलं, हे गोरमाटी बोलणाऱ्या मुलामुलींनीच सांगायला हवं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू ठेका आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड ठेका मराठी गाण्यात कसा शिरतो, हेही. पुण्या-मुंबईकडून आपली दखल घेतली जात नाही ही तक्रार मी बरीच वर्षं ऐकते आहे. त्यांना लेंगी ऐकूच येत नाही, तर ते लिहिणार काय?

इथल्या वृत्तपत्रांच्या संपादकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा अर्धं पान नव्या गाण्यांच्या परीक्षणाला द्या आणि लिहिणाऱ्याला मानधन द्या. फुकट लिहून घेतलेल्या मजकुरात अल्बम काढणाऱ्यानं पाठवलेलं पत्रकच छापून येतं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना समीक्षा हा विषय आहे. त्यांच्या प्रकल्पांत एखादा नवा अल्बम घ्यायला काय हरकत आहे?

दुपारच्या सत्रात आपण एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकणार आहोत. मध्ये कुणी बोलायचं नाही. त्यानंतर प्रत्येकानं दोन पानं लिहायची आहेत: काय ऐकलं, कुणी वाजवलं, कुठे थांबावंसं वाटलं आणि कुठे गाणं बंद करावंसं वाटलं. वही-पेन सोबत ठेवा. लिहिलेलं रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याकडे द्या. मी प्रत्येक पान वाचून, खुणा करून उद्या सकाळी परत देईन.