अठराव्या वर्षानंतर काय?



बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आई-वडिलांना एकच चिंता रात्रंदिवस ग्रासते : ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ ने अशा मुलांना वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मात्र त्यानंतरच्या आयुष्याची तयारी शाळेत असतानाच व्हावी लागते.

पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी स्थापन केलेल्या ‘कामायनी’ने शाळेला कार्यशाळेची जोड दिली. अशा शिक्षणात अक्षरओळखीइतकेच महत्त्व नोटा ओळखणे, घड्याळ पाहणे, वस्तू मोजून पाकिटे भरणे आणि एकट्याने प्रवास करणे यांस असते. सज्ञान झाल्यावरही ज्यांना आधार लागतो, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो.

परंतु शिकलेले काम करावयास जागा कोण देणार? याचे उत्तर शाळेपाशी नाही, ते आपल्यापाशी आहे. तळेगाव-चाकण परिसरात ज्यांचा कारखाना, गोदाम वा दुकान आहे, त्यांनी एका विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन दिवस, शिक्षकांच्या देखरेखीखाली, काम शिकू द्यावे. जमल्यास रास्त वेतनावर कायम करावे.

देणगी आपण देतोच. पण स्वकष्टाचा पहिला पगार मुलाने आईच्या हाती ठेवला, तर तिची ती चिंता काही अंशी तरी हलकी होईल. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प आपण करावा, ही नम्र विनंती.