कुलूप एकदाच
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई आणि दहावी 'ब'मधल्या माझ्या दोस्तांनो,

प्रत्येकाने आपल्या व्यवसायाबद्दल पाच मिनिटं बोलावं, असं ठरलं आहे. माझं औषधांचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आज मी शाळेपासून माझ्या सोबत असलेल्या एका आजाराबद्दल बोलणार आहे. संयोजकांची परवानगी काढली आहे, तेव्हा मध्येच टाळ्या वाजवून खाली बसवू नका!

या आजाराला ओसीडी म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द 'मंत्रचळ'. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो आणि जीव घाबरा होतो. मग तो शांत करायला माणूस हात धुतो, कुलूप ओढून बघतो, मोजतो, मनातल्या मनात काहीतरी म्हणतो, नाहीतर घरच्यांना तेच तेच विचारतो. घटकाभर बरं वाटतं. खरी गोम तिथेच आहे. बरं वाटलं की मेंदू शिकतो, 'संकट खरंच होतं आणि तपासलं म्हणून टळलं.' पुढच्या वेळी तो आणखी जोरात घंटा वाजवतो.

माझ्या वह्या तुम्हाला आठवत असतील. खाडाखोड नसायची, म्हणून प्रदर्शनात मांडल्या जायच्या. एक अक्षर वाकडं गेलं की मी पान फाडून रात्री बारापर्यंत पुन्हा लिहायचो, हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सगळे मला टापटीप म्हणायचे. टापटीप माणसाला आपल्या कामाचा आनंद होतो. मला फक्त सुटका हवी असायची.

दुकान टाकल्यावर आजाराला मोठं कुरण मिळालं. 'मधुमेहाच्या आजींना दुसरीच गोळी गेली असेल तर?' एवढा एक विचार पुरे. शटर ओढल्यावर मी बिलाच्या कार्बन प्रती काढून बसायचो. गिऱ्हाइकांना फोन करायचो. घरी आल्यावर बायकोला विचारायचो, "मी बरोबरच दिलं असेल ना?" ती बिचारी म्हणायची, "बरोबर दिलंत, जेवून घ्या." दहा मिनिटांनी माझा तोच प्रश्न. शेवटी दुकान विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही बघून गेलं.

त्या सुमारास मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. पहिला दिलासा मिळाला तो असा, की असे भलतेसलते विचार सगळ्यांच्याच मनात येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी 1978 साली हे दाखवून दिलं होतं. निरोगी माणसाचा विचार येतो आणि निघून जातो. आम्ही त्याला पाट मांडून बसवतो.

उपचाराची पद्धतही जुनी आहे. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी ती वापरल्याची नोंद आहे. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती मात्र करायची नाही. सोप्यापासून अवघडाकडे जायचं. माझी पहिली पायरी म्हणजे कुलूप एकदाच लावायचं आणि मागे न वळता चालू लागायचं. दुसरी, कार्बन प्रतींना हात लावायचा नाही. तिसरी, गिऱ्हाइकाला फोन नाही. चिठ्ठी, औषधाचं नाव, मिलिग्रॅम, एक्सपायरी हे काउंटरवर नीट ताडून बघणं माझं कर्तव्य आहे, ते आजही चुकत नाही. त्यापुढचं सगळं आजाराचं.

पहिले काही दिवस छातीत नगारा वाजायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, भीती जायची वाट बघू नका, ती असताना पुढचं काम करा. बायकोलाही बोलावून घेतलं. मी विचारलं की ती म्हणायची, "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही." तिलाही ते जड गेलं. सोबत गोळ्याही होत्या. औषधविक्रेता म्हणून सांगतो, या गोळ्यांचा पुरता गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "भीती नसती तर काय केलं असतं?" मी म्हणालो, "रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं असतं. आमच्या भागात नऊनंतर तापाची गोळीसुद्धा मिळत नाही." ते म्हणाले, "मग ठेवा." विक्रीचा विचार सोडला. गेली सहा वर्षं दुकान अकरापर्यंत उघडं असतं. भीती अजूनही येते. काउंटरच्या एका कोपऱ्यात बसते. मी तिला हाकलत नाही आणि तिचं ऐकतही नाही. कडेवर तापलेलं पोर घेऊन कुणी आलं की कुणाकडे बघायचं, हे मला ठाऊक आहे.

शेवटी दोन गोष्टी. इथे बरेच जण शिक्षक आहेत. हा आजार बऱ्याचदा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. एखादं मूल खोडून खोडून कागद फाडत असेल, हात धुवायला गेलं की परतत नसेल, तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. आणि आपल्यापैकी कुणाला माझं बोलणं ओळखीचं वाटलं असेल, तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

आज निघताना दुकानाला कुलूप लावलं. एकदाच. लागलं असेल ना, असं मन एसटीत बसल्यापासून विचारतंय. विचारू दे. मला तुम्हा सगळ्यांना भेटायचं होतं, म्हणून मी आलो.