आधी रिकामं मोज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, "अणुभट्टीवर तू नक्की करायचास तरी काय? बॉम्ब?" नाही रे बाबा. मी न्यूट्रॉनच्या उपकरणांचे आराखडे करायचो. ते काय असतं तेवढं सांगतो, आणि माझी एक फजितीही सांगतो.

ट्रॉम्बेची 'ध्रुव' अणुभट्टी ऑगस्ट १९८५मध्ये सुरू झाली. ती वीज तयार करत नाही. तिथे समस्थानिकं तयार होतात आणि संशोधनासाठी न्यूट्रॉन मिळतात. भट्टीतून मंद होऊन निघालेला न्यूट्रॉन सेकंदाला साधारण २२०० मीटर वेगानं जातो. त्याची तरंगलांबी पदार्थातल्या अणूंमधल्या अंतराएवढीच असते. त्यामुळे तो नमुन्यावर आदळून कोणत्या कोनात विखुरतो हे मोजलं की अणू कुठे बसलेत ते कळतं. क्ष-किरणांना हलका हायड्रोजन जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला तो चांगला दिसतो. शिवाय न्यूट्रॉन स्वतःच एक बारीक चुंबक असल्यामुळे अणूंची चुंबकीय मांडणीही त्याला कळते.

आता आराखडा करणाऱ्याची अडचण ऐका. 'ध्रुव'च्या गाभ्यात दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला १८० लाख कोटी न्यूट्रॉन जातात. नमुन्यापर्यंत त्यातले पोचतात काही लाख. बाकीचे कुठे जातात? आधी एका स्फटिकावरून हवी ती एकच तरंगलांबी निवडायची, मग पातळ पत्र्यांच्या फटींतून झोत सरळ करायचा. फटी अरुंद केल्या तर चित्र स्पष्ट येतं, पण न्यूट्रॉन इतके कमी उरतात की मोजणी दिवसेंदिवस चालते. फटी रुंद केल्या तर मोजणी लवकर होते, पण शेजारशेजारची शिखरं एकमेकांत मिसळतात. आमचा सगळा धंदा या घासाघिशीचा. त्याभोवती गॅमा किरणांसाठी शिसं, न्यूट्रॉनसाठी बोरॉन घातलेलं मेण आणि जिथे तिथे कॅडमियमचा पत्रा. जेमतेम एक मिलिमीटरचा तो पत्रा मंद न्यूट्रॉन जवळजवळ सगळे गिळतो.

आता फजिती. मी नवखा होतो. एका नव्या उपकरणाची चाचणी चालली होती आणि एक नमुना थंड करून मोजायला लावला होता. आलेखात नको त्या जागी दोन-तीन बारीक शिखरं आली. अणूंच्या मांडणीचं माप दुप्पट धरलं तर ती बरोबर बसत होती. माझ्या अंगावर काटा आला. कारण १९४९ साली अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी मँगनीज ऑक्साइडमध्ये अशीच जादा शिखरं दाखवली होती. शेजारशेजारचे अणुचुंबक उलटसुलट उभे असतात, याचा तो पुरावा होता. शल यांना १९९४ साली नोबेल मिळालं. मी त्या रात्री शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहून ठेवलं!

सकाळी आमच्या वरिष्ठांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "तापवून पाहिलंस?" चुंबकीय मांडणी तापवल्यावर मोडते, मग शिखरंही जायला हवीत. मी नमुना तापवला. शिखरं जागची हलली नाहीत.

तेव्हा मला आपली प्रयोगशाळा आठवली. उष्मामापीचा प्रयोग करताना आपण घाईनं पाणी ओतायचो आणि विज्ञानाचे सर मागून ओरडायचे, "आधी रिकामं मोज! भांड्याचं वजन पाण्याच्या नावावर लावू नकोस." मी नमुना काढला आणि साधी सिलिकॉनची पूड ठेवली. तिची रचना पक्की माहीत आहे आणि तिच्यात चुंबकीय असं काही नाही. तरीही तिथे तशीच जादा शिखरं! म्हणजे दोष भांड्याचा होता. तरंगलांबी निवडणारा आमचा स्फटिक हव्या त्या लांबीबरोबर तिच्या निम्म्या लांबीचे थोडे न्यूट्रॉनही सोडत होता. निम्म्या लांबीचं शिखर नेमकं दुप्पट मापाचं सोंग घेतं. आराखड्यात ही शक्यता मी धरली नव्हती, तेव्हा चूक माझीच. उपाय होता. सिलिकॉनचा स्फटिक एका विशिष्ट दिशेनं कापून वापरला तर निम्म्या लांबीचे न्यूट्रॉन जवळजवळ येतच नाहीत. स्फटिक बदलला, शिखरं गेली, आणि माझा शोधनिबंधही गेला.

वरिष्ठांना जाऊन "माझं चुकलं" म्हणताना पाय जड झाले होते. पण ते उपकरण पुढे कित्येकांनी वापरलं. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर माझी चूक त्यांच्याही निष्कर्षांत गेली असती.

मुलांनो, न्यूट्रॉन विसरलात तरी चालेल. पण मनासारखं उत्तर आलं की लगेच टाळ्या पिटू नका, आधी रिकामं मोजा. सर आज आपल्यात नाहीत. असते तर मी त्यांना एवढंच सांगितलं असतं, की सर, उशिरा का होईना, मोजलं.