ग्रहांची घडण आणि जीवनाची सामग्री



ग्रह कसे घडतात आणि सजीवांच्या घडणीस लागणारी द्रव्ये कोठून येतात, हे दोन प्रश्न फार काळ वेगवेगळ्या घरांत नांदत होते. पहिला ज्योतिर्विदांचा, दुसरा रसायनशास्त्रज्ञांचा. आज दोहोंची उत्तरे एकाच धुळीत शोधावी लागतात. मी विज्ञानाची नव्हे, भाषेची विद्यार्थिनी आहे. या विषयावरील लेखनाचा अनुवाद करताना जे उमगले ते, आणि एका शब्दाविषयीची माझी तक्रार, एवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

आपली सूर्यमाला सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांच्या एका थंडगार मेघातून जन्मली. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने मेघ आकुंचन पावला, त्याबरोबर त्याच्या फिरण्याचा वेग वाढला, आणि मध्यभागी सूर्य आकार घेत असता उरलेले द्रव्य त्याच्याभोवती तबकडीसारखे पसरले. कल्पना जुनीच आहे. कांटने १७५५ मध्ये व लाप्लासने १७९६ मध्ये ती आपापल्या परीने मांडली होती. परंतु अशी तबकडी तपशिलासह डोळ्यांपुढे आली ती २०१४ मध्ये. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील ‘आल्मा’ या दुर्बिणीसमूहाने वृषभ राशीतील ‘एचएल टॉरी’ या कोवळ्या ताऱ्याचे चित्र घेतले. सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या ताऱ्याभोवती तेजस्वी कडी आणि त्यांच्यामध्ये काळोखे पट्टे स्पष्ट दिसत होते. घडू लागलेले ग्रह आपली वाट झाडून काढीत असावेत, असा त्या पट्ट्यांचा एक अर्थ लावला जातो.

मात्र धुळीपासून ग्रहापर्यंतची वाट सरळ नाही. काजळीएवढे सूक्ष्म कण हलकेच आदळतात, चिकटतात आणि खड्याएवढे होतात. येथे अडचण उभी राहते. मोठे खडे एकमेकांवर आपटले तर चिकटण्याऐवजी उसळतात किंवा फुटतात. शिवाय तबकडीतील वायू त्यांच्याहून किंचित मंद गतीने फिरत असल्यामुळे खड्यांना सतत समोरून वारा लागतो, आणि मीटरभर आकाराचा धोंडा काही शतकांतच ताऱ्याकडे ओढला जाऊ शकतो. मग ग्रह झाले कसे? आज अधिक मान्य असलेले उत्तर असे, की एकट्या खड्याला वाऱ्याचा जो मारा बसतो, तो घोळक्याने जाणाऱ्यांना कमी बसतो. घोळक्यात नवे खडे येऊन मिळतात, आणि अखेर सारा घोळका स्वतःच्या भाराने कोसळून अनेक किलोमीटरांचा पिंड तयार होतो. असे पिंड एकत्र येऊन ग्रह झाले. जे उरले, ते लघुग्रह आणि धूमकेतू.

या उरलेल्यांतच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. मूळ मेघातील धूलिकणांवर, शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सियस तपमानात, बर्फाचा पातळ थर साचतो. त्या थरात कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू मिळत जाऊन मेथॅनॉल बनते. इतक्या थंडीत रसायन चालते, हेच मला प्रथम नवल वाटले.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावी एक अशनी फुटून पडला. त्याचे शंभर किलोग्रॅमांहून अधिक तुकडे गोळा झाले. अमेरिकेतील एम्स संशोधन केंद्रात चंद्रावरील मातीच्या परीक्षणासाठी प्रयोगशाळा नुकतीच सज्ज झाली होती. तेथील केनेथ क्वेनव्होल्डन व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या दगडात ॲमिनो अम्ले असल्याचे जाहीर केले. त्या सहकाऱ्यांपैकी सिरिल पोन्नम्पेरुमा हे मूळचे श्रीलंकेचे, आणि त्यांची पहिली पदवी मद्रास विद्यापीठाची, तीही तत्त्वज्ञानातली!

येथे माझी तक्रार. कार्बनच्या अशा संयुगांना आपण ‘सेंद्रिय’ म्हणतो. शब्द रूढ आहे, टाळता येत नाही. पण त्यात ‘इंद्रिय’ बसले आहे. अशनीत सेंद्रिय द्रव्य सापडले, असे वाचताच वाचकाला तेथे काहीतरी जिवंत सापडल्याचा भास होतो. वस्तुतः भिंतीसाठी आणलेल्या विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे.

विटा आणि घर यांतील अंतर किती, ते शंखाच्या उदाहरणाने सांगता येईल. शंख डावे असतात तसे उजवेही असतात, आणि एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असते. बहुतेक ॲमिनो अम्लांचीही अशी दोन रूपे आहेत. सजीव आपल्या प्रथिनांसाठी जवळजवळ केवळ डावेच रूप वापरतात. मर्चिसनमध्ये दोन्ही रूपे जवळपास सारखी निघाली, म्हणूनच ती अम्ले हाताळणाऱ्यांच्या बोटांवरून आलेली नाहीत, हे पटले. पुढे १९९७ मध्ये जॉन क्रोनिन व सँड्रा पिझ्झारेलो यांना त्याच अशनीतील काही अम्लांत डाव्या रूपाचे किंचित आधिक्य आढळले. सजीवांच्या डावेपणाचा उगम अंतराळातच असावा, ही आशा त्यामुळे बळावली.

आता बेन्नूकडे वळू. या लघुग्रहावरून ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने २०२० मध्ये उचललेले १२१.६ ग्रॅम द्रव्य २४ सप्टेंबर २०२३ रोजी यूटाच्या वाळवंटात उतरले. पृथ्वीच्या हवापाण्याचा त्याला स्पर्श होऊ दिला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सजीवांच्या प्रथिनांतील २० ॲमिनो अम्लांपैकी १४, डीएनए व आरएनए यांतील पाचही नत्रयुक्त क्षारके, विपुल अमोनिया, आणि खारट पाणी आटून मागे राहणारे क्षार, असे सारे त्यात होते. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा, त्याच्या पोटात एके काळी खारे पाणी होते. सामग्री होती, पाणीही होते. परंतु जी अम्ले तपासता आली, त्यांत डावी व उजवी रूपे जवळपास समसमान निघाली.

१९९७ ची आशा त्यामुळे मावळली असे नव्हे, पण ती पुष्कळ क्षीण झाली, असे माझे मत. आकाशाने विटा पाठविल्या असतील. डावी वीट निवडण्याचे काम बहुधा येथेच, पृथ्वीवर झाले. ते कोणी आणि कसे केले, हा प्रश्न पुन्हा रसायनशास्त्रज्ञांच्या दारी आला आहे. बेन्नूच्या द्रव्याचा बराच मोठा भाग ह्यूस्टन येथे पुढील पिढ्यांच्या परीक्षणासाठी राखून ठेवला आहे.