बोटांनी वाचन, कानांनी अध्ययन



अंध विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची नसून परावलंबनाची असते. कुणी वाचून दाखवील तेव्हाच त्याचा अभ्यास व्हावयाचा. या परावलंबनातून त्यास मुक्त करणारी दोन साधने आज उपलब्ध आहेत.

पहिले साधन ब्रेल लिपीचे. लुई ब्रेल यांच्या सहा टिंबांतून ६३ चिन्हे सिद्ध होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल ही समान लिपी रूढ आहे. दुसरे साधन संगणकाचे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली आरंभिलेली 'एनव्हीडीए' ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. ती मराठीही वाचते आणि विनामूल्य मिळते.

तथापि एक साधन लाभले म्हणून दुसरे टाकून चालणार नाही. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द कानाला सारखेच वाटतात; ऱ्हस्वदीर्घाचा भेद मात्र टिंबांवरून फिरणाऱ्या बोटांना तत्काळ कळतो.

४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व साधने विनामूल्य पुरविण्याचे कर्तव्य २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासनाबरोबरच स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे पंचायतींवरही, सोपविले आहे. असा विद्यार्थी गावात कोण आहे, हे शिक्षकांस ठाऊक असते. त्याची गरज त्यांनी पंचायतीपर्यंत पोहोचवावी आणि पंचायतीने ती उपकार म्हणून नव्हे, तर त्याचा हक्क म्हणून पुरवावी.